चुन्याखालचा वसुदेव

आमचे काका कोणत्याही इमारतीत शिरले की आधी वर बघत. मॉल असो, बँक असो, की मोहम्मद बिन झायद सिटीतल्या कुणाच्या घरचा सत्यनारायण असो, दारात चपला काढता काढताच त्यांची मान मागे गेलेली असे. यजमान "या, बसा" म्हणत असत आणि काका छताकडे बघत पुटपुटत, "फॉल्स सीलिंग. वर काय लपवलंय देव जाणे."

इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कारखान्यात ते ड्रॉइंग विभागाचे प्रमुख आणि सगळ्यांचेच काका होते. हॉटेलांसाठी आणि प्रदर्शनांसाठी आम्ही प्लास्टरच्या आणि फायबरच्या भिंती, कमानी, खांब बनवतो. मी मेहकरहून आलेली, मराठी शाळेत शिकलेली, आमच्या घरातली पहिली पदवीधर. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि नाव विसरून गाव लक्षात ठेवलं. तेव्हापासून मी 'मेहकर'. "मेहकर, ते ड्रॉइंग आण. मेहकर, जेवलीस का?" मला दुसरं नाव आहे हे ऑफिसात फक्त एचआरला माहीत होतं.

काकांचा जीव एका चर्चमध्ये अडकला होता. तरुणपणी कंपनीने त्यांना इंग्लंडमधल्या एका खेड्याजवळ ट्रेनिंगला पाठवलं होतं. सुट्टीच्या दिवशी ओळखीचं कुणी नाही, शाकाहारी माणसाला खायला ब्रेड आणि बटाटे, आणि अख्ख्या गावात उघडं दार एकच, मध्ययुगात बांधलेल्या चर्चचं. ते आत गेले आणि पुढे दर सुट्टीला जातच राहिले. त्या चर्चचं लाकडी छप्पर कसं उलट्या होडीसारखं आहे, बाकांच्या कडांवर सुतारांनी कोल्हे आणि बदकं कशी कोरली आहेत, हे ते डबा खाताना बोटाने टेबलावर काढून दाखवत. आमटी त्या होडीत सांडे.

पण खरी गोष्ट भिंतीवरच्या चित्राची. "दार ढकललं, तर समोर हा धिप्पाड माणूस. गुडघाभर पाण्यात, हातात काठी, खांद्यावर बाळ, पायाशी मासे. मी सरळ हात जोडले गं. म्हटलं, वसुदेव इथे कसा पोचला?" वेदीजवळ फुलं लावणाऱ्या एका आजीबाईंनी त्यांना सांगितलं, हे संत ख्रिस्तोफर, वाटसरूंचे रक्षक. त्यांचं चित्र दारासमोरच काढायचे, कारण सकाळी कामावर जाता जाता ते नुसतं दिसलं तरी त्या दिवशी अवचित मरण येत नाही, अशी लोकांची श्रद्धा होती. काकांना ते पटलं. तोंडात मात्र वसुदेवच राहिला.

एकदा मी म्हणाले, "काका, आमच्याकडे असलं काही नाही हो." त्यांनी चमचा खाली ठेवला. "मेहकरपासून लोणार किती लांब? तिथलं दैत्यसूदनाचं देऊळ या चर्चच्याच काळातलं. त्याच्या छतावर काय कोरलंय सांग." शाळेची सहल तिथेच गेली होती, पण आम्ही पायऱ्यांवर बसून चिवडा खाल्ला होता. पुढच्या सुट्टीत मी लोणारला गेले आणि मान दुखेपर्यंत त्या छतावरच्या कथा पाहिल्या. तोवर इतिहास माझ्यासाठी पाठ करायचा विषय होता. तो डोळ्यांनी बघायचा असतो, हे मला एका इंग्रजी चर्चच्या वेड्याने शिकवलं.

काकांच्या निवृत्तीचा महिना ठरला, व्हिसा रद्द करायचे कागद तयार झाले, आणि नेमकं तेव्हाच ते काम आलं. अल ऐनच्या एका शाळेला इतिहासाच्या वर्गासाठी जुन्या इंग्रजी चर्चचा एक कोपरा हवा होता. एक कमान, एक खिडकी आणि चित्र असलेली एक भिंत. काकांचा आनंद गगनात मावेना. मॅनेजर म्हणाला, "हबीबी, झंझट कशाला? फोटोचं व्हिनाइल प्रिंट चिकटवू." काका म्हणाले, "खरा चुना, खरे रंग. जमलं नाही तर तुझं प्रिंट लाव, मी आडवा येणार नाही." एवढं बोलून त्यांनी आपली अख्खी नोकरी त्या एका भिंतीवर लावली, असं मला वाटलं.

चित्र काढणार होते ओडिशाचे नायकबाबू, आमचे सगळ्यात चांगले पेंटर. काका त्यांना हातवारे करून समजावत, "नदी, बच्चा, मछली. समझो अपना वसुदेव." मग काका आणि मी मापं घ्यायला अल ऐनला गेलो. परत आलो तेव्हा भिंत तयार होती. नदी सुंदर, मासे सुंदर. आणि चित्रातल्या माणसाच्या डोक्यावर टोपली, टोपलीत सावळं बाळ, वर शेषाचा फणा.

काका भिंतीच्या अगदी जवळ गेले.

"नायकबाबू, ये क्या है?"

"वसुदेव. आपने ही तो बोला, काका."

"मैंने बोला?"

"रोज बोला."

मॅनेजर फोन काढत म्हणाला, "खलास, काका. सोमवारी ट्रक निघणार. मी प्रिंट सांगतो." काका मात्र चित्राकडे टक लावून बघत होते, आणि एकदम हसायला लागले. "मेहकर, चुना कालवायला सांग. अगं, तिकडेही हेच झालं होतं. राजाने धर्माची रीत बदलली, चित्रं नकोशी झाली, लोकांनी भिंतींना चुना फासला. त्या चुन्यावर पुन्हा रंग बसतो. मग आपला का नाही बसणार?"

नायकबाबू मागे सरले. "भगवान के ऊपर चूना? मैं नहीं करूँगा." काकांनी बूट काढले, वसुदेवाला नमस्कार केला आणि ब्रश स्वतः हातात घेतला. "पाप लगा तो मुझे लगेगा. यल्ला, चलो."

हमरियाच्या उन्हात चुना भराभर वाळला तर तडकतो. आम्ही भिंतीवर ओली गोणपाटं धरली, सगळे कूलर तिकडे वळवले. अकाउंटंटसुद्धा टाय खांद्यावर टाकून पाणी शिंपडत होता. इतका उत्साह मी त्या कारखान्यात पुन्हा पाहिला नाही. दुसऱ्या थरावर नायकबाबूंनी ख्रिस्तोफर असा काढला की काकांनी पुन्हा हात जोडले. सोमवारी ट्रक गेला, भिंतीसकट.

अल ऐनला इतिहासाच्या बाई, मिस हेलन, काम तपासायला आल्या. त्या खुशीत होत्या. मग त्यांनी टॉर्च काढून भिंतीवर बाजूने उजेड टाकला, आणि संताच्या डोक्यावर टोपलीची कड उमटली. खालच्या रंगाचा जाड थर चुन्यातून किंचित वर आला होता. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. प्लास्टरचा दोष म्हणून काकांना सहज निभावून नेता आलं असतं. त्यांनी अगदी पहिल्यापासून सगळं सांगितलं, हात जोडण्यापासून गोणपाटांपर्यंत. बाई ऐकता ऐकता खाली जमिनीवरच बसल्या. शेवटी टॉर्च काकांच्या हातात देऊन म्हणाल्या, "हा भिंतीजवळच टांगून ठेवा. मुलांना हे शोधू द्या."

महिनाअखेरीला काका पुण्याला गेले. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला, तर ते म्हणाले, "पुरे, पुरे. शाळेने बोलावलं तर तू जायचंस हं. इंग्रजीला घाबरू नकोस, भिंत मराठी आहे."

शाळेने खरंच बोलावलं, आणि आता दर वर्षी बोलावते. मी माझ्या मेहकरी इंग्रजीत सांगते आणि मुलं टॉर्च घेऊन भिंतीला भिडतात. यंदा एक मराठी मुलगी होती, इथेच वाढलेली. तिने इंग्रजीत विचारलं, "दोघंही बाळालाच वाचवतायत ना? मग पहिल्याला पुसून का टाकलं?"

मी तिथूनच काकांना फोन लावला. ते आधी खूप हसले.

"तिला सांग, पुसला नाही. चुन्याखाली ठेवलाय. आणि एखादं उंच स्टूल दे गं तिला, टोपलीची कड वरून जास्त चांगली दिसते."

मी स्टूल ओढलं. ती वर चढली, आणि मी खालून टॉर्च धरला.