सतरा फेब्रुवारीचे वाटाण्याचे सूप

हिनर्क ब्रोमकाम्पला युद्धातली कुठलीही तारीख सांगा, त्या दिवशी सूप कसले होते आणि पंगतीला किती माणसे होती, हे तो डोळे मिटून सांगे. जर्मनीत, वेस्टफालियातल्या आमच्या गावात तो खाटीक होता आणि त्याच्या लिव्हर-सॉसेजचे नाव चार गावांत होते. पण युद्धात तो पायदळातल्या एका कंपनीचा आचारी होता. दर गुरुवारी संध्याकाळी जुने सैनिक खानावळीत बिअरला जमले की हा खेळ व्हायचाच.

"तीन नोव्हेंबर बेचाळीस!" कुणीतरी ओरडे.

"कोबीचं. एकशे सव्वीस. सत्तावीस असते, पण हाइनेमानला जुलाब लागले होते."

मग सगळे बोटांच्या पेरांनी टेबल ठोकत. टाळ्या नाटकातल्या बायांना. टेबलाशी बसलेल्याला पसंती द्यायची ती ठोकूनच.

अठ्ठावन्न साली मंडळींनी आपल्या डिव्हिजनचा इतिहास छापायचे ठरवले. संपादक अर्थातच मेजर वेसेलिंग. डिव्हिजनची कागदपत्रे जळून गेली होती, त्यामुळे लिहायला काही अडचण आली नाही. मेजरांच्या हस्तलिखितात डिव्हिजन कुठेच हरली नव्हती. ती जिंकत जिंकत रशियात गेली आणि जिंकत जिंकतच घरी परत आली. पळाली हा शब्द शोधून सापडत नव्हता. "ठरल्याप्रमाणे नव्या जागी गेली" हे वाक्य मात्र इतक्या वेळा आले होते, की छापखान्याचे खिळे झिजले असते.

"ब्रोमकाम्प, कंपनीच्या स्वयंपाकावर दोन पानं लिही," मेजर म्हणाले. "हलकंफुलकं. वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे. खाली तुझं नाव छापू."

हिनर्कला आकाश ठेंगणे झाले. आजवर त्याचे नाव छापून आले होते ते एकदाच, त्याचे डुक्कर चोरीला गेले तेव्हा, आणि त्यातही डुकराचेच वर्णन जास्त होते. त्याच्या बायकोने, गेझिनेने, फळीवरचे चिनी मातीचे हरीण हलवून पुस्तकाला जागा केली आणि ब्रेमेनच्या बहिणीला कळवूनही टाकले.

हिनर्क तीन आठवडे लिहीत होता. लिहायची त्याला एकच रीत ठाऊक होती: तारीख, सूप, माणसे, आणि चूल कुठे मांडली ते. त्या रीतीनेच घात केला.

पुढच्या गुरुवारी मंडळींपैकीच ल्युडेके मास्तरांनी मेजरांचे प्रकरण वाचायला घेतले. वाचन म्हणजे मंजुरीच. पान संपले की सगळ्यांनी ठोकायचे आणि पुढे जायचे. "सतरा फेब्रुवारी एकोणीसशे बेचाळीस," मास्तर वाचत होते. "डिव्हिजन ठरल्याप्रमाणे नव्या जागी गेली. वाटेतली गावं शत्रूनंच जाळली होती. आम्ही शिरलो तेव्हा ती रिकामी होती."

सगळ्यांनी ठोकले. ग्लास थरथरले. हिनर्कचे हात मात्र मांडीवरच राहिले.

"सतरा फेब्रुवारी ना?" तो म्हणाला. "वाटाण्याचं सूप, डुकराची चरबी घालून. एकशे एकेचाळीस. तीन दिवस त्यातल्याच एका गावात रांधलं मी. घरांत माणसं होती. आपणच बाहेर काढली."

"मग?" मेजर.

"मग काय? माझ्या पानांत तसंच लिहिलंय. चूल कुठे मांडली, ते."

"सूप राहू दे. घरं काढ."

"घरं काढली तर चूल कुठे ठेवू, मेजरसाहेब?"

कुणी हसले नाही. मास्तर चष्मा पुसत बसले. हाइनेमान, ज्याच्या जुलाबांवर मंडळी सोळा वर्षे हसली होती, तो म्हणाला, "गप रे हिनर्क. बिअर गरम होतेय."

नोव्हेंबरात पुस्तक आले. हिनर्कची दोन पाने त्यात नव्हती. एक फोटो होता: चुलीची गाडी, वाफ, आणि वाफेमागे अर्धा हिनर्क. खाली छापले होते, "आपली विश्वासू चूल." चुलीचा मान राहिला, आचाऱ्याचे नाव गेले. गाव मात्र अजून रिकामेच होते.

नाव गेल्याचे त्याला वाईट वाटले, खोटे कशाला सांगा. पण रिकामे गाव त्याच्या घशाखाली उतरेना.

शनिवारी सकाळी त्याने सॉसेज गुंडाळायचे कागद पुढ्यात घेतले, कानावरची पेन्सिल काढली आणि एकेका कागदावर आतल्या बाजूने लिहू लागला. शनिवारी झाडून सगळ्या सैनिकांच्या बायका यायच्या. गेझिनेने एक कागद उचलून वाचला: "गाव रिकामे नव्हते. ते आम्ही जाळले. विस्तव माझ्या चुलीतला होता."

तिने तो पुन्हा एकदा वाचला.

"काडेपेट्या दमट झाल्या होत्या," हिनर्क मान वर न करता म्हणाला. "कंपनीतली पोरं विस्तव न्यायला फावडी घेऊन माझ्याकडे आली."

"आणि तू दिलास?"

"मागितला. दिला."

"थंडी किती होती?"

"सूप वाढता वाढता गोठायचं."

गेझिनेने कागद गड्डीवर परत ठेवला. तिने हिनर्कला थांबवले नाही, आणि दिवसभर त्याच्याशी एक शब्द बोललीही नाही. दोघांनी मिळून सत्तावीस पुडकी बांधली.

रविवारी चर्चबाहेर कुणी हिनर्कला टोपी काढून नमस्कार केला नाही. सोमवारी दुकान ओस पडले. दुपारी दाराची घंटी वाजली आणि मेजरांची बायको आत आली. हातात तेलकट डाग पडलेला तोच कागद, नीट घडी घातलेला. गेझिने हातातले काम टाकून बघत राहिली.

"ब्रोमकाम्प," बाई म्हणाल्या, "माझा नवरा म्हणतो तुमचं डोकं फिरलंय. पण तुमचा आकडा कधी चुकत नाही, हेही तोच सांगत आलाय. म्हणून तुम्हाला विचारते. त्या गावात माणसं किती होती?"

हिनर्कने सवयीने डोळे मिटले. सूप आठवले, चरबीचा वास आठवला, एकशे एकेचाळीस डबे आठवले. त्याने डोळे उघडले, पुन्हा मिटले.

"ठाऊक नाही, बाईसाहेब," तो म्हणाला. "ज्यांना वाढायचं, तेवढीच माणसं मोजायचो मी."