नानांच्या धामणीला मी पाजलेलं दूध

सापाला ताप येतो का?
मला आजही सांगता येत नाही.

नाना काल गेले. शिंदखेड्यात आमच्या शेजारचे. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. तेवढंच समाधान.

१९९० च्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते, घरातली पहिली ग्रॅज्युएट.
नांगराचा फाळ लागलेली एक धामण नानांनी शेतातून आणून लाकडी पेटीत सांभाळली होती. जखम भरली, पण थंडीत ती तोंड उघडून श्वास घ्यायला लागली. श्वासाला शिट्टीसारखा आवाज.

"पोरी, तू शिकेल शे. हयद टाकीसन दूध देऊ का?"

हळदीचं दूध सापाला चालतं का, मला माहीत नव्हतं. पण तसं म्हणायची लाज वाटली.
म्हटलं, "द्या."

तीन दिवस दूध पाजलं. नाना तिला धरायचे, ड्रॉपर माझ्या हातात.
चौथ्या दिवशी तिच्या तोंडाशी बुडबुडे आले.

"हाई मरी जाई का, पोरी?"

"नाना, माले म्हाईत नही. दूधनंबी म्हाईत नव्हतं."

ते रागावले नाहीत. पेटीला दोरी बांधली. "चाल, धुयाले."

धुळ्याच्या एसटीत कंडक्टरने विचारलं, "पेटीत काय?"
"पाव्हनी शे. आजारी शे."

गुरांचे डॉक्टर आधी हसले. "मी म्हशी तपासतो हो!"
मग टॉर्च लावून नीट पाहिलं. "आधीच सर्दी, त्यात दूध श्वासनळीत गेलंय. साप दूध पीत नाही. आता फक्त पाणी आणि ऊब." एक छोटं इंजेक्शन दिलं.

पेटीच्या एका टोकाला बल्ब लावला. दुसरं टोक गार ठेवलं, तिला हवं तिथे सरकता यावं म्हणून.
पाण्यासाठी नानांनी स्वतःची जेवायची पितळी दिली.
"तुम्ही कशात जेवणार?"
"मना हात शेत ना!"

दहाव्या दिवशी ती मान खाली घालून पाणी प्यायली. खूप वेळ. मी दारामागे जाऊन रडले.

शिट्टी थांबली. महिन्याने अख्खी कात निघाली, डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट.
नानांनी ती उन्हात धरून पाहिली.
"शिकेल लोके म्हनतस, बठ्ठं, समदं म्हाईत शे. तू म्हाईत नही म्हननी, म्हनीसन हाई वाचनी."
त्याच दिवशी आम्ही तिला कपाशीच्या बांधावर सोडलं.

काल नानांच्या घरचे म्हणाले, नानांच्या नावाने बांधावरच्या वारुळात दूध ओतू.

नाना, निवांत जा.
तुमची पितळी आज सकाळी मीच बांधावर ठेवून आले.
पाणी भरून.