पत्रकाची मागची बाजू

ज्याने हात वर करून कायदा करायचा, त्याने तो आधी वाचावा. यात वाद घालण्यासारखं काय आहे, मला अजून कळलेलं नाही. विहिणीचं पत्र आपण दोनदा वाचतो. लग्नपत्रिकेत आपलं नाव कितव्या ओळीत छापलंय ते तीनदा बघतो. आणि ज्या कागदावर हात वर झाला की एखाद्या गल्लीचा नळ जातो, तो कागद वाचायला कुणाला वेळ नाही! हे मी एकविसाव्या वर्षी म्हणत होते, आज सव्विसाव्या वर्षीही म्हणते. मधे एकदा भर गल्लीत माझं नाक कापलं गेलं, म्हणून आता थोडं हळू म्हणते, एवढंच.

सुरत शहराच्या हद्दीला चिकटून तेव्हा आमची एक छोटी नगरपालिका होती. नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायची ते ओळखतील आणि गप्प बसतील. वस्ती निम्मी गुजराती, निम्मी आमची खान्देशी. वडील बमरोलीला कापडाच्या लूमवर, आई नगरपालिकेच्या मराठी बालवाडीत शिक्षिका. बालवाडी म्हणजे पाण्याच्या टाकीमागे पत्र्याच्या दोन खोल्या. गल्लीतल्या बाया घरी साड्यांचे धागे कापायच्या, टिकल्या चिकटवायच्या, आणि तेवढ्या वेळात त्यांची पोरं आईच्या ताब्यात. अकरा वर्षं आई तिथे होती. त्या दोन खोल्यांची किल्ली ती मंगळसूत्रासारखी गळ्यात घालायची.

आमच्या वॉर्डाचे मेंबर आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून माझे मामा. ते निवडून आले तेव्हा त्यांची पत्रकं आम्हीच पोरापोरींनी लिहिली होती. 'आपला माणूस, आपला आवाज.' आवाज होताच. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेला माणूस, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. एकदा मनात आलं, आपला आवाज तिथे बोलतो तरी काय ते ऐकावं. म्हणून मी नगरपालिकेच्या सभेला गेले. सभेत भिंतीकडेला जनतेसाठी एक बाकडं होतं. जनता म्हणून मी एकटीच.

प्रमुखसाहेब, म्हणजे आमचे नगराध्यक्ष, नुसता आकडा म्हणायचे. "विषय पाच?"

सगळे मिळून, "मंजूर!"

"विषय सहा?"

"मंजूर!"

दाराशी नाश्त्याच्या लोच्याची, म्हणजे वाफवलेल्या डाळीच्या सुरती पदार्थाची, थाळी झाकून ठेवलेली, झाकणाच्या कडेने वाफ येत होती. लोचो गार झाला की त्यात राम राहत नाही हे सुरतेत कुणाला सांगावं लागत नाही. मला वाटतं सभा त्या वाफेच्या वेगाने चालत होती. बत्तीस विषय संपले तेव्हा वाफ अजून येत होती.

बाहेर मी मामांना गाठलं. "मामा, विषय अकरा काय होता?"

मामांनी लोचो तोंडात टाकला, विचार केला. "अकरा? चांगला होता."

"म्हणजे काय होतं त्यात?"

"अवं, सगळे मंजूर म्हणत होते. वाईट असता तर म्हणाले असते का?"

मी तशीच प्रमुखसाहेबांकडे गेले. त्यांनी मला बशी पुढे केली आणि प्रेमाने समजावलं, "बेन, अधिकारी वाचे छे ने. आम्ही विश्वास ठेवतो. विश्वासावर तर दुनिया चालते." मी म्हटलं, दुनिया चालते, पण साहेब, मग मेंबर कशाला निवडायचे? पाच वर्षं अधिकाऱ्यांवर विश्वास ठेवायला तर आम्ही घरबसल्याही तयार आहोत. ते हसले. मला हसण्याचाच राग जास्त येतो. बशी मात्र मी रिकामी केली.

त्याच दिवशी पत्रक लिहिलं. मथळा: 'मेंबर, आधी वाचा! मग हात वर करा!' खाली सणसणीत बावीस ओळी. 'न वाचता केलेली सही म्हणजे जनतेच्या अंगठ्याची चोरी!' असलं सगळं. मामांचं नाव नव्हतं, पण 'काही जण अकरा नंबरला चांगला म्हणतात' हे वाक्य होतं.

आमच्या भागातल्या छापखान्याचे मालक गुजराती काका. खान्देशी लग्नपत्रिकांसाठी त्यांनी मराठी छपाईचे खिळे ठेवले होते. त्यांनी माझा मजकूर बघितला आणि डोक्याला हात लावला. "बेन, उद्गारचिन्हं एवढी माझ्याकडे नाहीत. शेवटच्या सहा ओळींना पूर्णविराम चालेल?" मी नाराजीने हो म्हटलं. मग ते म्हणाले, "मागल्या बाजूला एक जाहिरात घेतली तर छपाई अर्ध्यात पडेल. पार्टी तयार आहे. मजकूर बघून घे." त्यांनी कच्चा छाप पुढे सरकवला. मी घाईत होते. बमरोलीला लूमची पाळी सुटायच्या आत पोचायचं होतं, आणि दुसऱ्याची जाहिरात वाचण्यात काय वेळ घालवायचा? मी न वाचता कोपऱ्यात सही केली.

हो. वरचं वाक्य पुन्हा वाचलंत तरी चालेल. मी ते रोज एकदा वाचते.

रविवारी सकाळी पत्रकं वाटली. नळावर, चहाच्या टपरीवर, लूमच्या दारात. आईनेही लेकीच्या अभिमानाने चाळीसेक घेतली आणि बालवाडीतल्या सगळ्या पोरांच्या आयांना घरोघरी जाऊन दिली. "माझ्या पोरीने लिहिलंय, वाचा."

संध्याकाळी मामा आले. हातात पत्रक, पत्रकावर बोट. गावच्या शाळेत मराठी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. बोट ठेवून, ओठ हलवत, पण शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचे. आता शिव्या खायची तयारी करून मी ताठ उभी राहिले.

"पुढली बाजू वाचली," मामा म्हणाले. "मला बरं धुतलंस. जाऊ दे, भाची आहेस. आता सांग, मांगली बाजू तू वाचेल शे का?"

"ती नुसती जाहिरात आहे, मामा."

"कसली?"

मी पत्रक उलटं केलं. 'खान्देशी बांधवांसाठी खास! नवीन शॉपिंग सेंटर! दुकानांचं बुकिंग चालू!' माझी उद्गारचिन्हं कुठे गेली होती ते कळलं. आणि खाली, गिऱ्हाईक चुकू नये म्हणून, अगदी नीट पत्ता: 'पाण्याच्या टाकीमागे, सध्याच्या बालवाडीच्या जागी.'

आई माझ्या खांद्यावरून वाचत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझी बालवाडी जाणार ही बातमी मीच घरोघरी वाटून आले?"

मामा म्हणाले, "अक्का, जागा नगरपालिकेची आहे. सभेत ठराव झाल्याशिवाय कुणाला देता येत नाही. आणि आजवर तर असला ठराव झाला नाही."

"तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं. "तुम्ही वाचता कुठे?"

मामा पहिल्यांदाच हळू बोलले. इतकं हळू की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. "अजेंडा गुजरातीत येतो. मला गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही. चष्मा घरी राहिला म्हणतो दर वेळी."

मला लगेच दया आली असं म्हटलं तर खोटं होईल. मी म्हटलं, "मग विचारायचं होतं कुणाला! मी सातवीपासून गुजराती वाचते, दोन गल्ल्या पलीकडे राहते!" ते म्हणाले, "मेंबर झाल्यावर पोरींना विचारायचं?" मी म्हटलं, "हो!" आई म्हणाली, "भांडण नंतर करा. पुढची सभा कधी?"

"मंगळवारी."

"अजेंडा कुठाय?"

मामांनी जमिनीकडे बघितलं. "तुझ्या वहिनीकडे."

मामी घरी साड्यांच्या घड्या घालायची. सुरतेच्या पर्वत पाटिया भागातला व्यापारी गठ्ठे पाठवायचा. घडी ताठ राहावी म्हणून प्रत्येकीच्या पोटात एक कागद. व्यापाऱ्याचा कागद कमी पडला की मामी नगरपालिकेचा वापरायची. चांगला जाड असतो म्हणे. आमच्या नगरपालिकेचे कित्येक ठराव साड्यांच्या पोटात बसून हिंदुस्थानभर गेले असतील. त्या बायकांपैकी कुणी उघडून वाचले असतील, तर त्यांनी आमच्या मेंबरांपेक्षा जास्त वाचले.

गठ्ठा सकाळी जाणार होता. आम्ही तिघं जाऊन मामीच्या पुढ्यात बसलो.

"घडी मोडाल तर परत कोण घालणार?" मामी कडाडली.

"मी घालते," आई म्हणाली. "माझ्या बालवाडीचा कागद आहे आत."

"कोणत्या साडीत?"

"ते तुलाच ठाऊक."

"मला काय ठाऊक! पोपटी झाल्या, मग राणी कलर झाल्या, मग हे आले गुळाचा चहा मागत."

एकेक साडी उलगडत गेलो. पान नऊ पोपटीत निघालं, पान चौदा राणी रंगात. मी पान वाचायचे, आई आणि मामी घडी घालायच्या, मामा बोटांवर विषय मोजायचे. विषय सतरा एका आमसुली साडीत सापडला. 'टाकीमागील खुली, पडीक जागा भाडेपट्ट्याने देण्याबाबत.' बालवाडी हा शब्दच नाही. पत्र्याच्या दोन खोल्या, पस्तीस पोरं आणि माझी आई, सगळं मिळून 'खुली जागा'.

मामांनी ते पान माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "आता पहिल्यापासून सगळे वाच." मी म्हटलं, सतरा कळला की झालं. "नाही," ते म्हणाले. "सतराचं असं, तर बाकीच्यांचं काय असेल?" हे माझ्या पत्रकात असायला हवं होतं, आणि नव्हतं.

मंगळवारी बाकड्यावर जनता खच्चून भरली. आई, मामी, धागे कापणाऱ्या बाया, मांडीवर पोरं. प्रमुखसाहेब म्हणाले, "विषय एक?" सगळे 'मंजूर' म्हणायच्या आत मामा उठले. लूमवरचा तो आवाज खोलीत मावेना.

"वाचून दाखवा!"

"शुं?"

"पूर्ण वाचून दाखवा. मला गुजराती वाचता येत नाही." भर सभेत म्हणाले! मान खाली न घालता. 

कुणीतरी म्हणालं, "अरे भाई, नास्तो ठंडो थई जशे!" मामा म्हणाले, "थवा दो." नियमात वाचून दाखवायची तरतूद होती, ती मी सोमवारी शोधून त्यांच्या खिशात दिली होती. प्रमुखसाहेबांनी कपाळ पुसलं आणि वाचायला लागले. एक, दोन, तीन. चारला पलीकडच्या वॉर्डाच्या वयस्कर गुजराती मेंबर बेन ताडकन उठल्या. "ऊभा रहो! ही तर माझ्या गल्लीची गटार! ती दुसरीकडे वळवताय?" तिथून कुणाला नाश्ता आठवला नाही. जो तो "फरीथी वांचो, फरीथी वांचो", पुन्हा वाचा, असं करू लागला. आपल्या वॉर्डाचं नाव आलं की माणसं अशी दचकत होती, जणू पहिल्यांदाच मेंबर झाली.

सतरा नंबर आला तेव्हा ऊन खिडकीतून गेलं होतं. वाचून झाल्यावर मामा म्हणाले, "खुली जागा? ती बघा, खुली जागा बाकड्यावर बसली आहे." एका पोराने नेमकं तेव्हा भोकाड पसरलं. मी माझं पत्रक पुढे दिलं, मागची बाजू वर करून. ठराव व्हायच्या आधी दुकानांचं बुकिंग कसं चालू, हा एकच प्रश्न गटारवाल्या बेननी विचारला आणि अधिकारी आपले कागद चाळू लागले. विषय मुलतवी. पुढच्या सभेत तो रद्द झाला, तोही पूर्ण वाचून. लोचो तेव्हापासून सभा संपल्यावर मागवायला लागले.

जाहिरात न वाचता सही केलीस म्हणून तर सगळ्या गल्लीला कळलं, असं सांगून मामी मला अजून चिडवते. मी म्हणते, मामी, नशिबावर नगरपालिका चालवायची नसते. ती म्हणते, घड्या कोणी घातल्या गं परत?

जूनमध्ये बालवाडीच्या नव्या प्रवेशांचं पत्रक काढायचं ठरलं. कच्चा छाप घेऊन मी बालवाडीत गेले. पोरं घरी गेली होती आणि मामा छोट्या पाटावर गुडघे छातीला लावून बसले होते. आई भिंतीवरच्या तक्त्यावरून त्यांना गुजराती अक्षरं शिकवत होती. त्यांनी छाप घेतला, बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला आणि उलटा केला.

"मागे कोरा आहे, मामा. या वेळी जाहिरात नाही."

"बघू तर दे," म्हणत त्यांनी कोरी बाजू वरपासून खालपर्यंत नीट बघितली. मग आईकडे वळून हात वर केला.

"मंजूर."