मोटारसायकल चोराची झोप

सदर इसम नामे धोंडीराम, जमात पारधी, राहणार ठिकठिकाणी, अंगाने सडपातळ, नजर चंचल, व्यवसाय संशयित असणे, हा मोटारसायकल चोरण्यात सराईत असून जिल्ह्यात कुठेही काही हरवल्यास प्रथम त्याजकडे चौकशी करावी.

पोलीस दप्तरातल्या या नोंदीवरून ही चौकशी जन्मभर होत आल्यामुळे बार्शीच्या मोटारसायकल चोरीत सोलापूरच्या तुरुंगात कच्चा कैदी म्हणून येताना धोंडीरामला नवीन असं काही वाटलं नाही. नवीन एवढंच, की झोप उडाली. तो चपला घालून भिंतीला टेकून बसून राही. बराकीतले म्हणू लागले, गडी वेडा होणार. त्यालाही तीच धास्ती होती.

म्हणून त्याला समुपदेशक फिरदोस मॅडमपुढे बसवलं. त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "धोंडीरामभाऊ, मनावर काही ओझं असेल तर मोकळं करा," आणि पेन उघडलं.

पेन उघडून मऊ बोलणाऱ्या माणसाला काय हवं असतं, हे पारध्याला सांगावं लागत नाही. धोंडीरामनं उगाच वेळ घालवला नाही.

"बार्शीची गाडी मीच नेली. माळशिरसची पाण्याची मोटार बी मीच. करकंबच्या शेळ्या बी लिवा."

"शेळ्या कधी नेल्या?"

"आत्ता, गेल्या आठवड्यात."

"गेल्या आठवड्यात तर तुम्ही इथंच होता की."

धोंडीरामनं मनापासून विचार केला. "मग मागल्या सालात घाला. तुमची अडचन नगं."

मॅडमनी पेन पर्समध्ये टाकलं. "मी पोलीस नाही हो. झोप का लागत नाही, तेवढं सांगा."

पेन दिसेनासं झाल्यावर तो बोलला. "ताई, रातीला जीप येती. ल्हानपनापासनं. आली की सारी वस्ती उसात पळती. चपला काढून निजला, त्यो घावला. हितं तर पळाया ऊस बी न्हाय."

"पण भाऊ, इथं जीप कशाला येईल? तुम्हाला आधीच धरलंय."

धोंडीरामनं पायातल्या चपलांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजी, आता मला धराया कोनीच येनार न्हाय?"

"कोण येणार?"

तो हसायला लागला तो स्टुलावरून घसरेपर्यंत. मॅडमनाही आवरेना. दारावरचा शिपाई बसलिंगप्पा धावत आला, कारण ऐकून खो खो हसला, आणि अंगावरचा गणवेश आठवून थांबला.

डॉक्टरांच्या गोळ्या पुढं सुरू झाल्याच. पण त्या दुपारी धोंडीराम गोळीवाचून, तिथंच फरशीवर, चपला उशाला घेऊन घोरू लागला.

बार्शीची गाडी कोणती होती, हे त्याला अजून ठाऊक नाही. त्याला मोटारसायकल चालवता येत नाही.