वापसीवाले मामा

एप्रिलच्या तिसऱ्या गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वापसीवाले मामा सिंगापूरच्या बंदरात जहाजावरून उतरले. जहाजाच्या नोंदीत ही वेळ आहे. वय एकोणसत्तर, खांद्याला एक पिशवी, हृदयात धातूची एक झडप. परतीचं तिकीट त्यांच्याजवळ नव्हतं. त्यानंतर ते आदिलाबादला आलेले नाहीत.

हैदराबाद-नागपूर रस्त्यावर, बोथच्या फाट्याजवळ त्यांचं टेबल होतं. मागे टायरचं दुकान, पुढे उभ्या लाऱ्या. नागपूरकडून माल घेऊन आलेली लारी इकडे रिकामी झाली की ड्रायव्हरपुढे दोनच गोष्टी उरत. रिकामं परत जायचं, नाही तर मिळेल त्या भाड्यात काहीतरी भरून न्यायचं. हे काहीतरी मामा शोधून देत. सरकीची पोती, टोमॅटोचे क्रेट, बदली झालेल्या मास्तरांचं घरसामान. परतीच्या या भाड्याला त्या रस्त्यावर सगळे वापसी म्हणतात. मामा माझ्या आईचे चुलतभाऊ. पण आमच्याही घरात त्यांना नावानं कोणी ओळखलं नाही.

स्वतःचा प्रवासही ते वापसीनंच करत. बसचं तिकीट काढणारा माणूस त्यांना उधळ्या वाटे. नागपूरला दवाखान्यात, हैदराबादला लग्नाला, कुठंही जायचं असलं तरी त्या दिशेला कोण रिकामं चाललं आहे ते ते आधी पाहत. ड्रायव्हरशी हिंदीत दोन वाक्यं बोलत आणि केबिनमध्ये चढत. मला म्हणत, “रिकामी गाडी कोणाचीच नसते, बाबू. जो बसला त्याची.”

त्यांच्या लग्नाची वरातही तशीच आली. मामींचं माहेर बेल्लमपल्लीचं, वडील कोळशाच्या खाणीत. तिकडे सिमेंट टाकून परत निघालेल्या लारीत नवरी, तिची पेटी आणि अठरा वऱ्हाडी बसले. उतरल्यावर मामींच्या शालूचा रंग ओळखू येत नव्हता. ही गोष्ट मामी अजून प्रत्येक नव्या सुनेला सांगतात आणि शेवटी म्हणतात की मीसुद्धा यांना निम्म्या भाड्यात पडली.

मामांचा एक नियम होता. जाताना परतीचं काही ठरवायचं नाही. इथून ठरवलं तर इथला भाव लागतो, तिथं जाऊन ठरवलं तर तिथला. आणि तिथल्या ड्रायव्हरला घरी जायची घाई असते. या नियमानं ते एकदा मामी आणि शेजारच्या दोन बायकांना घेऊन तिरुपतीला गेले. जाताना दीड दिवस लागला. येताना सहा. तीन लाऱ्या बदलल्या, एक रात्र पेट्रोल पंपावर काढली, मामींना ताप भरला. मामांच्या हिशेबी तो प्रवास उत्तम झाला, कारण सगळे घरी पोचले. ते नेहमीच घरी पोचत. मी आठवून पाहिलं. त्या एप्रिलपर्यंत याला अपवाद नाही.

दलाली न घेता त्यांनी एकच भाडं लावून दिलं, ते मला माहीत आहे. इंद्रवेल्लीकडचा एक मजूर नागपूरच्या सरकारी दवाखान्यात वारला. गाडी करून त्याला गावी नेण्याची घरच्यांची ऐपत नव्हती. कोणीतरी फाट्यावरचा मामांचा नंबर दिला. मामांनी नागपुरात रिकामी उभी असलेली लारी शोधली, स्वतः तिकडे गेले आणि मागच्या हौद्यात प्रेताजवळ त्याच्या बायकोसोबत बसून आले. मी तेव्हा नुकताच वर्तमानपत्रात लागलो होतो. बातमी करू का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली. “बातमी काऊन? वापसी सगळ्यायले भेटली पाहिजे, बस.”

मग ड्रायव्हरांच्या हातात मोबाइल आले आणि परतीचा माल मोबाइलवरच दिसू लागला. फाट्यावर लाऱ्या थांबत, चहा पीत आणि निघून जात. मामा टेबलाशी बसून राहत. याच काळात त्यांना धाप लागू लागली. हैदराबादला ऑपरेशन झालं, झडप बदलली. रक्त पातळ ठेवायची एक गोळी रोज संध्याकाळी, जन्मभर. महिन्याला रक्त तपासायचं. गोळी चुकली तर झडपेवर गाठ धरू शकते, आणि मग फार वेळ मिळत नाही, असं डॉक्टरांनी मामींना आणि मला समोर बसवून सांगितलं होतं. मामा तेव्हा खिडकीतून दवाखान्याच्या आवारातल्या गाड्या पाहत होते.

जहाजाचा विषय माझ्यामुळे निघाला. पर्यटन पुरवणीत मी एक टिपण लिहिलं होतं. प्रवासी जहाजं हंगामाप्रमाणे समुद्र बदलतात. हिवाळा आपल्या किनाऱ्यावर काढलेलं जहाज पावसाळ्याआधी दुसरीकडे जातं. त्या वेळी ते एका दिशेनंच जातं, परत येत नाही. खोल्या रिकाम्या राहू नयेत म्हणून कंपन्या त्या निम्म्याहून कमी दरात देतात. रविवारी मी जेवायला गेलो तेव्हा मामांनी पुरवणी पुढ्यात ठेवली होती. टिपण त्यांनी दोनदा वाचलं होतं. “हे तर वापसीची लारी आहे,” ते म्हणाले. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या आवाजात जोर ऐकला.

पुढचे चार महिने त्यांनी जहाज निवडण्यात घालवले. जुन्या वहीत तीन नावं लिहिली. दुबईहून ग्रीसला जाणारं पहिलं बाद झालं. दुबईपर्यंत पूर्ण भाड्यानं जावं लागणार होतं, आणि वाटेतल्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाल्याच्या बातम्या होत्या. सिंगापूरहून ऑस्ट्रेलियाला जाणारं दुसरं बाद झालं. तिकडून इकडे रिकामं कोण येतं ते कळेना. मुंबईहून सिंगापूरला जाणारं तिसरं राहिलं. दहा रात्री, वाटेत कोची, कोलंबो, फुकेत. आदिलाबादचा तिकीट एजंट सांगत होता की लगेच घ्या. मामा थांबले. लारीचा ड्रायव्हर संध्याकाळपर्यंत भाव धरतो आणि मग सोडतो, हे त्यांना ठाऊक होतं. दर दोनदा उतरला. सुटायला पाच आठवडे असताना त्यांनी खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली खोली घेतली. एजंटनं खिडकीचं विचारलं तेव्हा म्हणाले की बाहेर पाणीच आहे, ते मला माहीत आहे.

एकट्या माणसाला दोन्ही पलंगांचे पैसे पडत होते. म्हणून त्यांनी मामींना चल म्हटलं. मामी तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी एकदा तुमच्या रिकाम्या गाडीत बसली. पुरे झालं.” मामा हसले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही.

अडचण एकच आली. परतीचं तिकीट दाखवल्याशिवाय जहाजावर घेणार नव्हते. मामांना हे पटेना. तिथला भाव इथं बसून कसा कळणार? शेवटी मी माझ्या कार्डावर सिंगापूर-हैदराबाद विमानाचं तिकीट काढलं, रद्द केलं तर पैसे परत मिळणारं. त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग मोबाइल पुढे केला आणि रद्द कुठून करतात ते विचारलं. सहज विचारल्यासारखं. मी दाखवून दिलं.

त्या संध्याकाळी मामी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. एरवी त्या ओट्यावरूनच निरोप देतात. “तुये मामा येतीन ना रे वापस?” त्यांनी विचारलं. तिकीट काढलं आहे, असं मी सांगितलं. ते खरं होतं.

जायच्या आठवड्यात मामांनी फाट्यावरचं टेबल टायरवाल्याला देऊन टाकलं. गॅसचं पुस्तक आणि विजेच्या बिलाचा नंबर मामींना समजावून सांगितला. सामानाबद्दल दोघांत कुरबूर झाली. मामींनी दोन महिन्यांच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या. मामांनी अठरा मोजून घेतल्या आणि बाकीच्या कपाटात ठेवल्या. बारा दिवस जायला, सहा दिवस वापसीला. आजवरची सगळ्यात लांब वापसी सहा दिवसांची होती, हे मामींनाही माहीत होतं, कारण ताप त्यांनाच भरला होता. जादा घेऊन जा, काय ओझं होणार आहे, असं त्या म्हणाल्या. मामा म्हणाले, जादा घेतलं की माणूस रेंगाळते.

शनिवारी ते आदिलाबादहून मुंबईच्या गाडीत बसले. निदान मुंबईपर्यंत रेल्वेनं जायचं, एवढी एक गोष्ट मामींनी मान्य करून घेतली होती. सोमवारी जहाज सुटलं.

कोचीहून फोन आला, कोलंबोहून आला. जहाज अर्धं रिकामं होतं. जेवणघरात टेबलं जास्त आणि माणसं कमी. खलाशी दिवसभर कठडे रंगवत होते, नव्या गावात नवं दिसावं म्हणून. मामांना हे सगळं ओळखीचं वाटत होतं. खोलीत दिवस आहे की रात्र ते कळत नाही, एवढीच तक्रार होती. गोळीची वेळ कळावी म्हणून त्यांनी फोनला गजर लावला होता. मामींशी ते जेवणाबद्दल बोलत, माझ्याशी रस्त्याबद्दल. कोलंबोपर्यंत जहाजावरचा एकही माणूस असा भेटला नाही की ज्यानं परतीचं ठरवलेलं नाही, असं ते म्हणाले. त्याचं त्यांना वाईट वाटत होतं.

आठव्या दिवशी, सोमवारी, जहाज फुकेतला लागलं. सकाळी फोन आला. मी विचारलं, तिथं कोणाशी बोललात का? “इथं कोणालेच माईत नाई वापसी कुठं भेटते,” मामा म्हणाले. “सगळे विमानानं जाऊन राह्यले. पण बोटी हायेत, बाबू. लाकडाच्या. भरून येतात आन् रिकाम्या जातात. मी पाह्यल्या.” मी त्यांना विमानाची तारीख सांगितली. ते हो म्हणाले. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या फोनवर संदेश आला की सिंगापूर-हैदराबाद तिकीट रद्द करण्यात आलं आहे. मी मामांना फोन लावला. लागला नाही. मामींना मी हे गुरुवारपर्यंत सांगितलं नाही.

गुरुवारी मामींनी ऐकून घेतलं आणि कपाटातल्या गोळ्यांच्या पट्ट्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. या कुरिअरनं पाठवता येतील का, असं विचारलं. पाठवायला पत्ता नव्हता. रविवारी मी आदिलाबादच्या पोलीस ठाण्यात अर्ज दिला. अंमलदारानं तीनदा विचारलं की हा माणूस तिकडे कोणाकडे गेला होता. कोणाकडेच नाही, हे त्यानं शेवटी तेलुगूत लिहून घेतलं. नंतर दूतावासाला पत्रं, जहाज कंपनीला पत्रं. उत्तरं तुकड्यातुकड्यांनी, पाच आठवडे येत राहिली.

जहाजावरून उतरल्यावर मामा बंदराबाहेर गेले नाहीत. त्याच इमारतीत फेरीबोटीची खिडकी आहे. तिथून त्यांनी समोरच्या इंडोनेशियातल्या बाताम बेटाचं एकेरी तिकीट घेतलं. पोचल्यावर तीस दिवसांचा परवाना मिळाला. बाजारातल्या एका लॉजमध्ये ते दोन रात्री राहिले. लॉजच्या मालकाला थोडं हिंदी समजतं. पाहुणा शांत होता, दोन्ही दिवस धक्क्यावर जाऊन बसत होता आणि कोणती बोट कुठं रिकामी जाते ते विचारत होता, असं त्यानं कळवलं. भारताकडे इथून काही जात नाही, हे त्यानं पाहुण्याला सांगितलं होतं. पाहुण्यानं उत्तर दिलं की पहिली गाडी कधी घरापर्यंत जात नसते.

शनिवारी सकाळी त्यांनी लॉज सोडला. त्यांच्याजवळ चार गोळ्या उरल्या होत्या. सुमात्राच्या दिशेनं निघालेल्या एका लाकडी मालवाहू बोटीत ते सहा वाजून पन्नास मिनिटांनी चढले. धक्क्यावरच्या कॅमेऱ्यात खांद्याची पिशवी ओळखू येते. एका खलाशानं हात देऊन त्यांना वर घेतलं. बोट सव्वासातला सुटली. सुटताना तिच्यावर सात माणसं होती. कागदावर सहा होती.