निशिकांतच्या लेथचा दुप्पट वेग

आमच्या आंग मो किओ भागातल्या ब्लॉकमध्ये लिफ्टला उशीर झाला की मी तोंड वाकडं करते. शेजारचा निशिकांत घड्याळ लावून तो उशीर मोजतो. बँकेतला ऑडिटर, दुसरं काय करणार! हॉकर सेंटरमधल्या खाऊच्या ठेल्यावरच्या अंकलनं कॉफीत साखर कमी घातली तरी याला पहिल्या घोटात कळतं. आणि वैताग असा की माणूस बहुतेक वेळा बरोबर निघतो.

या गृहस्थानं पन्नाशीच्या तोंडावर लाकूड कातायचा छोटा लेथ घेतला, तोही सेकंडहँड, आणि किचनमागे बसवला. बायको साधना नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. यंत्रात सापडलेली बोटं तिनं पुष्कळ पाहिलेली.

"बटणावर लावलेल्या वेगानंच हे फिरतं असं मला दाखव," तिनं बजावलं, "मगच त्यावर लाकूड चढेल. नाहीतर हे विकायचं."

शनिवारी परीक्षा ठरली. मी डबा परत द्यायच्या निमित्तानं हजर!

लेथच्या फिरत्या तोंडावर, म्हणजे चकवर, निशिकांतनं चंदेरी पट्टी चिकटवली. ती चमकली की हातातलं मीटर एक फेरा धरणार. वेग लावला मिनिटाला हजार फेऱ्यांचा. मीटर म्हणालं, दोन हजार.

"विकून टाक," साधना म्हणाली.

"थांब गं." त्यानं पाचशे लावले, आले हजार. साडेसातशेला दीड हजार.

"निशिकांतराव, मोटरला प्रमोशन दिलंत की काय?" मी म्हटलं.

तो हसला. "बिघडलेली मोटर वाट्टेल तशी पळते हो. दर वेळी बरोब्बर दुप्पट? चूक मोजण्यात आहे."

प्लग काढून त्यानं चक हातानं फिरवला. चंदेरी पट्टीच्या अगदी समोरच्या बाजूला चमचमतं सोनेरी स्वस्तिक! मीटर प्रत्येक फेऱ्यात तेही मोजत होतं.

साधना गोरीमोरी झाली. "परवा दसऱ्याला लावलं. कुंकू फिरताना उडालं असतं, म्हणून स्टिकर. तुझी बोटं शाबूत राहावीत म्हणून रे!"

"म्हणजे फितुरी घरातूनच," मी तेल ओतलं.

स्वस्तिक लेथच्या न फिरणाऱ्या अंगावर गेलं आणि हजारला जवळजवळ हजारच आले. निशिकांतनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मोटर त्यानंच जन्माला घातली.

पण साधना कुठली सोडते! "हे रिकामं फिरतंय. हत्यार टेकलं की वेग टिकेल?"

"त्याला लाकूड चढवावं लागेल."

मग तिनं त्याच्या डोळ्यांवर गॉगल चढवला, स्वतःही घातला आणि मीटर हातात घेतलं. "चढव."

हत्यार टेकलं, ढलप्या उडाल्या. आकडा किंचित खाली गेला आणि लगेच वर आला.

"अजून जरा दाब."

पुन्हा तसंच.

"चालेल," साधना म्हणाली. "पण मी घरी असतानाच. आणि आधी लाटणं कर, आपल्या लाटण्याला पोक आलंय."

"जाडी किती हवी?"

"पोळी लाटता येईल एवढी," ती म्हणाली आणि मीटर त्याला परत न देता सरळ स्वतःच्या खिशात घातलं.