खालची धार

बायको वारली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं अंगणात तूर पाखडत होतो. सडकेवरून डांबराचा वास आला अन् मले साठ सालच्या सुमाराची पैनगंगेवरची डांबर फासलेली नाव आठवली. नदीले पूर होता. भर धारेत नाव आडवी झाली अन् वरच्या धारेकडच्या कडेवरून पाणी आत येऊ लागलं. एक बुढा ओरडला, "उजवीकडे सरका." आम्ही समोरासमोर बसलेलो, अर्धे इकडे सरकले, अर्धे तिकडे. नाव बुडायलेच आली. आमच्याच जातीतल्या नावाड्याची पोरगी वल्हं धरून होती, ते खेकसली, "नावेत उजवं-डावं नसते बाबा. पाणी जाते तिकडे, खालच्या धारेले सरका सारे." सरकलो, तशी कड वर आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच बापाले घेऊन मी तिच्या घरी मागणी घालायले गेलो.